माझा बिल्ला मीच टाकणार

मला राग पटकन येतो, हे आमच्या अख्ख्या सोसायटीला माहीत आहे. पंप वेळेवर चालू झाला नाही तर माझा आवाज चौथ्या मजल्यावरून खाली वॉचमनच्या खुर्चीपर्यंत पोचतो. पण या वेळच्या निवडणुकीत, अंधेरीच्या म्युनिसिपल शाळेत, तिसरीच्या वर्गात मी जी काही ओरडले, तशी गेल्या कित्येक वर्षांत ओरडले नव्हते.

झालं असं की, मी सकाळी साडेसातलाच रांगेत. मतदानाला मी नेहमी इस्त्रीची साडी नेसते. मुलगी हसते, म्हणते, आई, तू काय हळदीकुंकवाला चाललीस? असू दे. पाऊण तासाने माझा नंबर आला. टेबलावरच्या माणसाने चिठ्ठी घेतली, यादीवर पेन फिरवलं आणि थांबला.

"मावशी, तुमचं मतदान झालंय."

"कुणाचं?"

"तुमचंच. हे बघा, नावावर खूण आहे. रजिस्टरमध्ये अंगठाही आहे."

"अंगठा? अहो, मी दहावी पास आहे! मी अंगठा कशाला लावू?" मी डाव्या हाताचं बोट त्याच्या नाकासमोर धरलं. "शाई दिसते का कुठे? नीट बघा आणि सांगा."

मागची रांग कुरकुरायला लागली. एक तरुण म्हणाला, काकू, जाऊ द्या ना, आम्हालाही कामं आहेत. मी म्हटलं, "तुझं मत दुसऱ्या कुणी टाकलं असतं तर गेला असतास का रे?" मग मुख्य अधिकारी उठून आले. वयाने लहान, डोळे तांबारलेले, पण बोलायला अदबशीर. त्यांनी ओळखपत्र पाहिलं, फोटो पाहिला, मला पाहिलं. म्हणाले, चुकीच्या ओळीवर खूण झाली असेल किंवा कुणीतरी तुमच्या नावावर मत देऊन गेलं असेल, ते आत्ता नाही सांगता येणार. पण तुम्हाला मत देता येईल. मशीनवर नाही, कागदावर. त्याला प्रदत्त मत म्हणतात, ते लिफाफ्यात बंद करून वेगळं ठेवतात.

"आणि मोजतात कधी?"

ते जरा घुटमळले. "प्रकरण कोर्टात वगैरे गेलं तर. एरवी लिफाफ्यातच राहतं."

"म्हणजे लोणचं घालणार माझ्या मताचं!"

वर्गातले दोघे-तिघे हसले. मला हसू आलं नाही. बोटाला शाई लावून घेतली, शिक्का मारला, कागदाची घडी केली, लिफाफ्यात गेलेली डोळ्यांनी पाहिली आणि बाहेर आले. फाटकापाशी बायका शाई लावलेली बोटं वर करून फोटो काढत होत्या. माझ्याही बोटाला शाई होती, पण मी हात पदरात घेतला आणि तरातरा घरी आले.

मुलगी डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. सुट्टी नावाला. तिचं ऑफिस परदेशी, त्यांना आपल्या निवडणुकीचं काय. मी आल्या आल्या सगळं ओकले. हल्ली टीव्हीवर रोज तेच चालू असतं, कुणाचं नाव यादीतून गायब, कुणाचं दोनदा, एका खोलीत म्हणे पन्नास मतदार. मी ते बघताना भाजी निवडत असायचे. आज ते माझ्या घरात आलं होतं.

मुलीने सगळं ऐकून घेतलं, चहा टाकला आणि म्हणाली, "चिल आई. वाईट झालं, पण एका मताने काय फरक पडतो? निकाल थोडाच बदलणारे?"

मी तोंड उघडलं. अशी झापणार होते तिला! आणि मग तसंच मिटलं. कारण ते वाक्य तिचं नव्हतंच. माझं होतं. तीस वर्षं मी ते स्वतःला ऐकवत आले होते, शब्द न् शब्द तेच. खुर्चीत बसले आणि मला एकदम मालवणीण आठवली.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आमची स्विचची कंपनी होती. आमची म्हणजे शेठची, पण आम्ही आमचीच म्हणायचो. बटणं, प्लग, होल्डर. दोनशेच्या आसपास माणसं, त्यात निम्म्याहून जास्त बायका, कारण चिमट्याने स्प्रिंग बसवायची तर बारीक बोटं लागतात. लांबलचक टेबलाला एका बाजूला दहा जणी. स्प्रिंग, पितळी पट्टी, स्क्रू, झाकण, पुढे ढकल. हात चालू आणि तोंड त्याहून चालू. सासू, नवरा, नळाचं पाणी, भिशी, सगळ्याचा निकाल त्या टेबलावर लागायचा.

माझ्या डाव्या हाताला ती बसायची. माझ्याहून आठेक वर्षांनी मोठी, घाटकोपरच्या चाळीतली, मूळची मालवणची. मी साताऱ्याकडची, म्हणून ती मला घाटीण म्हणायची आणि मी तिला मालवणीण. तिसऱ्या कुणी असं म्हटलेलं आम्हाला दोघींनाही खपायचं नाही. तिचा नवरा गिरणी कामगार. संपानंतर गिरणी जी बंद झाली ती झालीच. छातीत कापूस भरलेला, खोकून खोकून बेजार, घरी बसून असायचा. घर हिच्या चिमट्यावर चालायचं. पण ही कधी रडली नाही. उलट मलाच शिव्या घालायची. "स्क्रू नीट आवळ गो. तुझ्या बटणान् कुणाच्या घराक आग लागात!"

तसं ते खोटं नव्हतं. आमचा स्विच दाबला की ठिणगी दिसायची. माझ्या स्वतःच्या घरात मी दुसऱ्या कंपनीचा लावला होता. पण तेव्हा बाहेरचा माल येतच नव्हता, आयातीवर सरकारने एवढे कर बसवले होते, की आमच्यासारखी कंपनीही झोकात चालायची. शेठ खूश, आम्ही खूश.

कंपनीच्या गेटवर एक लाकडी फळा होता, त्यावर खिळे आणि प्रत्येक खिळ्याला नंबराचा पितळी बिल्ला. सकाळी येताना आपला बिल्ला काढायचा, पदराला लावायचा, जाताना परत अडकवायचा. दहा वाजता जे बिल्ले फळ्यावर राहिले ते लोक गैरहजर. मालवणीणीच्या बिल्ल्याला लाल दोरा बांधलेला असायचा. तिला अंधारातही सापडावा म्हणून, असं म्हणायची. खरं तर कुठल्यातरी देवीच्या जत्रेतला दोरा होता.

आणि याच बिल्ल्यांनी आम्ही निवडणूक घ्यायचो. दर वर्षी, कॅन्टीन कमिटीची. हसू नका, आमच्याकडे ती विधानसभेपेक्षा मोठी होती. दोन पॅनेल उभी राहायची. बिस्किटांचे दोन मोठे पत्र्याचे डबे, झाकणाला भोक पाडलेलं, एकाला लाल कागद चिकटवलेला, एकाला हिरवा. जेवणाच्या सुट्टीत एकेकाने जायचं आणि आपला बिल्ला हव्या त्या डब्यात टाकायचा. टण्ण आवाज आला की मत पडलं. उसळ आठवड्यातून दोनदा की तीनदा, यावरून एका वर्षी दोन विभाग महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते.

बिल्ल्यावर नंबर असायचा, म्हणजे कुणी कुठे टाकलं ते मोजणाऱ्याला कळणार. त्यावर तोड काढलेली होती. मोजायला कॅन्टीनच्या मावशी. त्यांना अक्षर येत नव्हतं, आकडाही ओळखता येत नव्हता, पण तोंडाने मोजायला पक्क्या. त्या हात धुऊन, पदर खोचून बसायच्या, एकेक बिल्ला पालथा तळहातावर घ्यायच्या आणि मासळी बाजारातल्यासारखं ओरडायच्या, "लाल, एक! लाल, दोन!" आख्खं कॅन्टीन मागून मोजायचं. मावशींवर कुणी कधी शंका घेतली नाही. एवढी चोख मतमोजणी मी पुन्हा पाहिली नाही.

एक खोट मात्र होती, आणि ती आम्हाला खोट वाटतच नव्हती. कुणी गैरहजर असेल तर तिच्या शेजारणीने गेटवरून तिचा बिल्ला काढून टाकायचा. पोर आजारी, घरी पाहुणे, कुणी बाळंतपणाला गेलेली. मत कशाला फुकट घालवा? "तिचा माझ्याकडे आहे," एवढं म्हटलं की झालं. मी बऱ्याच जणींचे टाकले, माझाही बऱ्याच जणींनी टाकला. एका टेबलावर बसतो म्हणजे एकमेकींच्या मनातलं कळतंच, असं आम्ही धरून चाललो होतो.

मग सरकारचं धोरण बदललं. कॅन्टीनमध्ये एक जण रोज पेपर मोठ्याने वाचायचा, त्यात आता नवे शब्द येऊ लागले. खुली बाजारपेठ, परदेशी भांडवल, भागीदारी. आम्हाला ते बाजारात कळलं. आमच्या स्विचशेजारी बाहेरून आलेला स्विच मांडलेला असायचा, गुळगुळीत, पांढराशुभ्र, दाबला तर आवाज नाही, ठिणगी नाही. मी एक हातात घेऊन पाहिला आणि मनात म्हटलं, संपलो आपण, वाट लागली.

शेठने परदेशी कंपनी गाठली. ते लोक बघायला आले त्या दिवशी गेटपासून संडासापर्यंत रंग लावला होता. तिघे गोरे, उंच, त्यात एक बाई. टेबलाशी वाकून वाकून आमची बोटं बघत होते. कॅन्टीनमध्ये त्यांना बटाटावडा दिला, एकाने ताटातली तळलेली मिरची अख्खी तोंडात टाकली आणि लालबुंद झाला. मावशींनी त्याला साखर भरवली, अक्षरशः हाताने. मला ते लोक आवडले, खोटं का बोलू? त्यांच्यातल्या बाईने माझं काम पाहून आमच्या मॅनेजरला काहीतरी सांगितलं. मॅनेजर नंतर मला म्हणाला, करार झाला तर नव्या मशीनवर माल तपासायला दोघी-तिघींना ट्रेनिंग देणार आहेत, तुझं नाव आहे त्यात. मी हे कुणाला बोलले नाही. मालवणीणीलाही नाही.

करार असा होता की, परदेशी कंपनी पैसा आणि मशीनं आणणार, बहुतेक मालकी तिची होणार, आणि कामगारांनी मान्य करायचं की काम कमी झालं तर माणसं हलवता येतील, कमी करता येतील. युनियनच्या पुढाऱ्याने सांगितलं, मी एकटा सही करणार नाही, तुम्ही सगळ्यांनी ठरवा. एक जण म्हणाला, कागदावर गुप्त मतदान घ्या. बाकीचे म्हणाले, कशाला, आपले डबे आहेत की. हिरवा म्हणजे मान्य, लाल म्हणजे अमान्य. जेवणाच्या सुट्टीपासून चारच्या भोंग्यापर्यंत.

आदल्या दिवशी मालवणीण मला म्हणाली, "मी लाल टाकणार."

"अगं वेडी आहेस का? नवीन मशीन येतंय."

"गिरणीतपण आधी नवीन मशीनच आलं होतं," ती म्हणाली. "नंतर गेटाक कुलूप."

मी खूप समजावलं. जग बदलतंय, धोरण बदलतंय, आपण नाही म्हटलं तर शेठ कंपनीच बंद करेल, मग काय करशील? तिने चिमटा खाली ठेवला. असं ती कधी करत नसे. म्हणाली, "बंद करू दे. पण मला विचारलंय ना? मग मी नाही म्हणणार." आणि पुढे म्हणाली, "उद्या ह्यांचा एक्स-रे आहे, हॉस्पिटलात जाऊन तीनपर्यंत येते. माझ्या बिल्ल्याला हात लावू नको. माझो बिल्लो मीच टाकतलंय. आयकलंस?"

ऐकलं. व्यवस्थित ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तीन वाजले, साडेतीन वाजले, ती आली नाही. मी माझा बिल्ला कधीच हिरव्यात टाकला होता. पावणेचारला मी गेटवर गेले. फळ्यावर पाच-सहाच बिल्ले होते, त्यात तिचा लाल दोरा. तो बिल्ला काढताना मी मनाशी काय म्हणत होते ते मला आजही आठवतं. ती घाबरलीय म्हणून नाही म्हणतेय. तिचा नवरा तिच्या डोक्यात भरवतो. उद्या कंपनी बंद पडली तर तिचंच घर बसेल. मी तिच्या भल्याचंच करतेय. हे सगळं म्हणत होते आणि आत कुठेतरी ट्रेनिंगच्या यादीतलं माझं नाव होतं. ते आज सांगते. तेव्हा स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं. हिरव्या डब्याशी वाकले आणि टाकला. टण्ण.

चार वाजून दहा मिनिटांनी ती धापा टाकत आली. हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, चप्पल तुटलेली, अंगठ्यात धरून चालत आलेली. आधी फळा बघितला, मग माझ्याकडे आली.

"माझा बिल्ला?"

"वेळ संपत आली होती. मी टाकला."

"खंयच्या डब्यात?"

आणि मी म्हटलं, "तू म्हणालीस त्याच. लाल."

तिने माझा हात धरला. घामाने ओला हात. "बरा केलंस, बाय," ती म्हणाली. "माझा मत फुकट जाऊक नाय." दुसऱ्या दिवशी ती माझ्यासाठी घावणे आणि नारळाचा रस घेऊन आली, पहाटे उठून केलेले. मी खाल्ले. आवडीने खाल्ले. त्याची मला आजही लाज वाटते.

मालवणीण मोजणीला थांबली नव्हती, नवऱ्याकडे पळाली होती, आणि हिरव्यातून निघालेल्या लाल दोऱ्याकडे बाकी कुणाचं लक्ष गेलं नाही. मावशींनी मोजलं तेव्हा हिरवे भरपूर निघाले, लाल त्यांच्या निम्मेही नव्हते. मला हायसं वाटलं. बघ, म्हटलं, एका बिल्ल्याने काय फरक पडणार होता?

नवीन मशीनं आली. दोन-तीन वर्षं झकास गेली, ते नाकारत नाही. निळे गणवेश, पंखे, हातमोजे, स्वच्छ संडास. पहिल्यांदाच आमच्या स्विचमधून ठिणगी उडेना. फक्त दसऱ्याला मशीनला झेंडूची माळ घालायची नाही आणि नारळ फोडायचा नाही, सुरक्षेचा नियम. बायकांनी मशीनला लांबूनच हळदकुंकू दाखवलं. मग फळा गेला, बिल्ल्यांच्या जागी कार्डं आली. कॅन्टीन बाहेरच्या ठेकेदाराकडे गेलं, मावशी गेल्या आणि त्यांच्याबरोबर निवडणूकही गेली. आणि मग दुसऱ्या राज्यात करसवलत मिळते म्हणून टेबलं हळूहळू तिकडे हलली. आमच्या टेबलावरच्या दहा जणींना एकाच आठवड्यात स्वेच्छानिवृत्तीचे कागद दिले. कसली स्वेच्छा! मी त्यात नव्हते. मी माल तपासणीत होते. मला पुढे पवईच्या ऑफिसात घेतलं, तिथेच मी निवृत्त झाले. या फ्लॅटचं कर्ज त्याच पगारातून फिटलं. मुलीचं शिक्षण त्यातूनच झालं. धोरण वाईट होतं असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

मालवणीण शेवटच्या दिवशी बिल्ला घेऊन घरी गेली. कार्डं आली तेव्हा जुने बिल्ले भंगारात निघाले होते, तिने आपला मागून घेतला होता. नंतर तिने घाटकोपरला पोळीभाजीचे डबे सुरू केले. नवरा काही वर्षांनी गेला. आमचं जाणं-येणं राहिलं, दिवाळीला, संक्रांतीला, तिच्या मुलाच्या लग्नाला. आणि दर वेळी कुणी ना कुणी कंपनीचा विषय काढला, की ती ताठ बसायची आणि म्हणायची, "आम्ही मात्र नाही म्हटलं होतं हां. विचारा हिला, हिनेच टाकला माझा बिल्ला." मी मान हलवायचे. तीस वर्षं मान हलवली.

आता कंपनीच्या जागेवर काचेची इमारत आहे. सातव्या मजल्यावर माझी मुलगी बसते. एकदा ती मला आत घेऊन गेली होती. गळ्यातलं कार्ड टेकवलं, काचेचं दार उघडलं. जिथे आमचं कॅन्टीन होतं साधारण तिथेच त्यांचं कॅफेटेरिया, पास्ता वगैरे मिळतो. मी विचारलं, इथे काय शिजवायचं ते कोण ठरवतं गं? ती म्हणाली, काय माहीत, व्हेंडर ठरवत असेल. मला मावशींचा आवाज आठवला आणि डोळे भरून आले. मुलीला वाटलं, एसी जास्त आहे.

तर मतदानाच्या त्या दिवशी, मुलीचं ते वाक्य ऐकून, मी चहा तसाच ठेवला आणि पुन्हा चपला घातल्या. मेट्रोने घाटकोपर. वाटेत मरोळ नाका आला, गेला. मी खिडकीतून बघितलंसुद्धा नाही. डोक्यात एकच चाललं होतं, की माझं मत कुणी टाकलं त्याचं तोंड मला दिसलं नाही, पण तिचं मत टाकणारीचं तोंड ती दर संक्रांतीला तिळगूळ देऊन गोड करते.

तिची चाळ पडून तिथे टॉवर झालाय, अकराव्या मजल्यावर तिला खोली मिळालीय. घरी एकटीच होती. जमिनीवर बसून सुपात सुका जवळा निवडत होती, बोटाला ताजी शाई. भिंतीवर नवऱ्याचा फोटो.

"काय गो घाटीण, आज कशी वाट चुकलीस?"

मी बसले नाही. उभ्यानेच सकाळचं सगळं सांगितलं. तिने तोंडभर शिव्या दिल्या, माझ्या नावावर अंगठा लावणाऱ्याला. "हात झडात त्याचो," म्हणाली. आणि मग मी सांगितलं. गेट, लाल दोरा, हिरवा डबा, ट्रेनिंगची यादी. लाल म्हणाले ते खोटं म्हणाले. एका दमात सांगितलं, नाहीतर सांगितलंच नसतं.

तिचे हात जवळ्यातच थांबले. मग म्हणाली, "कित्याक गो?"

माझ्याकडे उत्तर होतं, भलं करायला वगैरे. ते तोंडातून निघेना. "मला ती जागा हवी होती," मी म्हटलं.

"जागा घ्यायची होतीस. तुझा बिल्ला होता ना तुझ्याकडे?" आता तिचा आवाज चढला. माझ्याहून मोठा आवाज आहे तिचा, मी विसरलेच होते. "एका बिल्ल्याने कंपनी राहिली असती असं मी कधी म्हटलं? मला काय कळत नाही? पण ह्यांची गिरणी गेली तेव्हा ह्यांना कुणी विचारलं नव्हतं. कुणीच नाही. मला विचारलं. ह्यांनी मरेपर्यंत चाळीत सगळ्यांना सांगितलं, माझ्या बायकोला विचारलं आणि ती नाही म्हणाली. खोकत खोकत सांगायचे. तेवढंच होतं गो आमच्याकडे. तेवढंच!"

मी रडायला लागले. तिने मला रडू दिलं. पाणी विचारलं नाही, गप्प बस म्हणाली नाही. सूप बाजूला सारलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली. मला वाटलं, आता ही मला जा म्हणणार. बरोबरच होतं.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात पत्र्याचा रिकामा डबा होता आणि दुसऱ्या हातात बिल्ला. पितळ काळं पडलेलं, दोरा विटून गुलाबी झालेला. डबा तिने माझ्यासमोर जमिनीवर ठेवला. मी सवयीने बिल्ला घ्यायला हात पुढे केला, तर तिने फटकन हातावर मारलं.

"हात लावू नको. माझो बिल्लो मीच टाकतलंय."

आणि टाकला. टण्ण.

"लाल आहे हा डबा," ती म्हणाली. डब्यावर कसलाच कागद नव्हता. "मोज आता."

मी डब्यात हात घातला, बिल्ला काढला, पालथा तळहातावर घेतला. "लाल, एक," कसंबसं म्हटलं.

"मोठ्यान बोल," ती म्हणाली, आणि भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. "ह्यांका आयकाक जावंदे."

"लाल, एक!"